अक्का आणि त्यांच्या दोन जुळ्या

अक्का पडल्या त्यात माझा काडीचाही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते. जयसिंगपुरात आमच्या गल्लीत वेगळंच पसरलंय. म्हणे दोघी जावांचं भांडण झालं आणि धाकटीनं थोरलीला ढकललं. भांडण झालं होतं हे खरं, पण ते रोजचंच. आणि ढकलायचंच असतं तर मी लग्न होऊन या घरात आले त्याच साली ढकललं असतं. अक्कांना ब्याऐंशी वर्षं पुरी होईपर्यंत कशाला वाट बघत बसले असते?

झालं ते असं. अक्कांच्या मुलानं, अभिनंदननं, फरशी पुसणारं नवं यंत्र आणलं. दिसायला कासवासारखं, आपलं आपण घरभर हिंडतं, वाटेत कुणी आलं तर वळसा घालून जातं. अक्कांना ते मुळीच पटलं नाही. "कोपरे सोडतंय, कामचुकार कुठलं!" म्हणत त्या ओलं फडकं घेऊन त्याच्या मागं मागं फिरायच्या. त्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, जगात माणसं यंत्राकडून काम करून घेतात, तुम्ही यंत्राच्या हाताखाली लागलात की!" मला उत्तर द्यायला त्या मागं वळल्या, आणि नेमकं तेव्हाच ते कासवही वळलं.

अक्का फरशीवर आडव्या. उजवा पाय बाहेरच्या बाजूला पडलेला, जरा आखूड दिसणारा. अक्का मात्र रुग्णवाहिकेत चढवेपर्यंत एकच सांगत होत्या, "कुंदे, गॅसवर दूध ठेवलंय. बघ गं, उतू जाईल."

दूध मघाशीच उतू गेलं होतं. पण ती काय सांगायची वेळ होती?

मिरजेच्या इस्पितळात फोटो काढले. खुब्याच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा जो गोल गोळा बसतो, त्याच्या खालची मानच तुटली होती. डॉक्टर ईश्वरी पाटोळे म्हणून तिशीतली मुलगी होती, केस आखूड, बोलणं सरळ. तिनं अभिनंदनला, त्याच्या बायकोला स्नेहलला आणि मला समोर बसवलं.

"अशा मोडीत बहुतेकांचं ऑपरेशनच करतो आम्ही, तेही लवकरात लवकर," ती म्हणाली. "तुटलेला गोळा काढून धातूचा बसवायचा. दुसऱ्या दिवशी पेशंट उभा. पण आजींच्या हृदयाची एक झडप बरीच अरुंद झालीय. भूल दिल्यावर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. धोका आहे, आणि तो छोटा नाही."

"आणि नाही केलं तर?" अभिनंदननं विचारलं.

"तर आता एक सोय आहे. सांध्याच्या नसांभोवती असं औषध सोडतो की ते महिनोन् महिने हळूहळू पाझरत राहतं. दुखणं जवळजवळ जातं. पूर्वी ऑपरेशन नाही म्हणजे नुसता छळ असायचा, तसं आता नाही. पण हाड जुळणार नाही. आजी पुन्हा चालतील अशी आशा मी देणार नाही. आणि पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनिया, पाठीला जखमा, हे सगळं मागं लागतंच. म्हणून आम्ही जुळी करतो. मग आजींनी स्वतः ठरवायचं."

जुळी म्हणजे काय ते मी समजून घेतलं. नगरपालिकेच्या शाळेत सगळी नोकरी गणित शिकवण्यात गेलीय माझी, नुसती मान डोलावून मी ऐकत नाही. तर ते असं. माणसाची हाडं, स्नायू, रक्त, हृदयाचे ठोके, मनगटावरच्या पट्ट्यानं टिपलेली बऱ्याच वर्षांची चाल, सगळं घेऊन संगणकात तसंच दुसरं शरीर उभं करतात. मग त्याचं हाड मोडतात. मग एकदा ऑपरेशन करतात, एकदा करत नाहीत, आणि पुढचं वर्षभर त्याला जगू देतात. एकदा नाही, हजारो वेळा. दर वेळी नशिबाचा फासा जरा वेगळा टाकायचा. कधी सर्दी होते, कधी होत नाही, कधी पाय घसरतो, कधी नाही. या हजारो वर्षांतून जे वर्ष सगळ्यात जास्त वेळा निघतं, ते पडद्यावर आणतात. पेशंटचाच चेहरा, पेशंटचाच आवाज. त्यासाठी सकाळीच एक नर्स अक्कांशी गप्पा मारून त्यांची बोलण्याची ढब टिपून घेऊन गेली होती. बिचारी नर्स. बाहेर आली ती तोंड लाल करून.

"जुळी भविष्य सांगत नाही," डॉक्टर म्हणाली. "बहुतेक काय होईल तेवढं सांगते."

"शक्यता," मी म्हटलं.

"बरोबर, काकू."

एकच गोष्ट शरीराच्या तपासणीतून कळत नव्हती. घरी कोण आहे, कोण काय करणार आहे. म्हातारं माणूस बरं होतं ते काही हवेत होत नाही. म्हणून यंत्र घरच्या माणसांनाही प्रश्न विचारतं.

आणि इथंच आम्ही माती खाल्ली.

प्रश्न विचारायचं यंत्र व्हरांड्यात होतं. व्हरांड्यात आमची निम्मी गल्ली होती. शेडबाळेबाई डबा घेऊन, अभिनंदनचे मामा, मामी, मामींची बहीण, झाडून सगळे. त्या सगळ्यांच्या देखत यंत्रानं गोड आवाजात विचारलं, "रुग्णाची काळजी घेण्यासाठी आपण किती वेळ देऊ शकाल?"

अभिनंदन म्हणाला, "आई आहे ती माझी. गरज पडली तर नोकरी सोडीन." मामांचे डोळे भरून आले.

स्नेहल कशी मागं राहील? "मी आईंना पलंगावरून पाय खाली टेकवू देणार नाही."

मग माझी पाळी. सगळे माझ्याकडं बघताहेत. धाकटी जाऊ काय बोलते, हे ऐकायला शेडबाळेबाई तर चार पावलं पुढं आल्या. यंत्रानं विचारलं, "रुग्ण स्वतः उठू लागल्यास आपण काय कराल?"

"उठू देईन होय?" मी म्हटलं. "चांगली ओरडीन! पाण्याचा पेला हातात, चहा हातात, सगळं जागेवर. मी कशाला आहे मग?"

"वा!" शेडबाळेबाई म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

दुपारी अक्कांच्या खोलीत दोन पडदे लावले. औषधामुळं अक्कांचं दुखणं थांबलं होतं, त्यामुळं जीभ पूर्ववत चालू होती. "माझा मेलीचा सिनेमा काढलाय म्हणे," त्या म्हणाल्या. "बघू तरी."

डावीकडं ऑपरेशन न केलेल्या अक्का आल्या. पलंगावर आडव्या, उशीला टेकलेल्या, गाल बसलेले.

"काय गं, दुखतं का?" आमच्या अक्कांनी विचारलं.

"नाही बाई. सगळे करतात माझं."

उजवीकडं ऑपरेशन केलेल्या अक्का आल्या. खुर्चीत बसलेल्या, मांडीवर शाल, अंगानं सुटलेल्या.

"आणि तुझं?"

"माझंही सगळं सगळे करतात."

अक्कांनी एकदा डावीकडं बघितलं, एकदा उजवीकडं. "अगं, तुझं ऑपरेशन झालंय ना? मग ऊठ की! चालून दाखव."

"कशी उठू? पायातलं बळच गेलं. सुरुवातीला उठत होते. पण उठलं की कुंदा ओरडते."

मी पायातल्या चपलेकडं बघायला लागले.

"चहा कोण करतं?" अक्कांनी हळूच विचारलं.

"कुंदा," उजवी म्हणाली.

"कुंदा," डावी म्हणाली.

"आणि तुम्ही तो पिता?"

"काय करणार?" दोघी एकदम म्हणाल्या.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरात चहा अक्का करतात. आधी पाणी, मग आलं, मग साखर, मग पावडर, झाकण, आणि दूध सगळ्यात शेवटी, तेही वेगळं तापवून. मी सगळं एकदम घालून उकळते. पोटात गेल्यावर एकच होतं की! पण या गोष्टीवरून अक्कांनी मला या घरात आल्यापासून ओट्यापाशी चहाला म्हणून उभं राहू दिलेलं नाही. रोज चारला त्या चहा करणार, आणि आम्ही दोघी अंगणातल्या बाकड्यावर बसून तो पिणार. गल्लीतल्या समस्त लोकांचा समाचार तिथंच घेतला जातो.

अक्का डॉक्टरला म्हणाल्या, "या दोन्ही नकोत मला. तिसरी आणा."

"आजी, उपचार दोनच आहेत."

"मला उपचाराचं सांगू नका. मला एवढंच पाहिजे, माझ्या पायानं ओट्यापर्यंत जायचं, उभं राहून चहा करायचा, आणि मोरीकडं जायला कुणाला हाक मारायची नाही. तेवढं होत असलं तर तुमचं ते ऑपरेशन करा, जिवाचं काय व्हायचं ते होईल. होत नसलं तर उगीच कापाकापी कशाला? मी आपली पडून राहते नि निघून जाते."

डॉक्टरनं बराच वेळ हातातल्या पाटीवर आकडे खालीवर केले. मग ती आमच्याकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं की राग, कळेना. "आजींच्या शरीराचा प्रश्नच नाही. ऑपरेशन पार पडलं तर हे शरीर चालू शकतं. चालत नाहीय ते तुमच्या उत्तरांमुळं. तुम्ही इतकी सेवा लिहून दिलीय, की कुठल्याही पेशंटचे पाय जातील. ऑपरेशन केलं काय, न केलं काय, शेवट एकच."

अभिनंदन मान खाली घालून उभा. स्नेहल पदराशी चाळा करतेय. अक्का छताकडं बघत म्हणाल्या, "बघा हं. माझ्याच माणसांच्या मायेनं मी लुळी."

डॉक्टरनं प्रश्नांचं यंत्र एका छोट्या खोलीत नेलं आणि आम्हाला एकेकट्यांना आत पाठवलं. "तिथं तुमचं कुणी ऐकणार नाही. खरं सांगा," ती म्हणाली.

अभिनंदननं मला नंतर सांगितलं, की त्यानं नोकरी सोडणार नसल्याचं कबूल केलं आणि त्याला घाम फुटला. स्नेहल म्हणाली, सकाळी आठला मी शाळेत शिकवायला जाते, सहापर्यंत घरी नसते. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत होती, पण डोक्यावरचा हंडा उतरवल्यासारखी दिसत होती.

मी आत गेले. यंत्रानं पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, "माझेच गुडघे दुखतात. मी पंच्याहत्तरीची बाई, ब्याऐंशीच्या बाईला उचलणार कशी? मी मदत करणार नाही."

"आणखी काही सांगायचं आहे?" यंत्र म्हणालं.

आता यंत्राला कशाला सांगायचं? पण तिथं शेडबाळेबाई नव्हत्या, कुणीच नव्हतं, आणि माझ्या तोंडून बाहेर पडलंच. "मला ऑपरेशनची भीती वाटते. टेबलावरून ती परत आलीच नाही तर? माझे यजमान गेले, मोठे दीर गेले, आता मी भांडू कुणाशी? ती पलंगावर पडून राहिली तरी चालेल मला. पण राहू दे." मी नाक पुसलं. "आणि हो, एकदा तरी तिनं माझ्या हातचा चहा मुकाट्यानं प्यावा असंही वाटलं होतं. तेही लिहा."

संध्याकाळी पडदे पुन्हा लागले.

डावीकडच्या अक्का आता सांगलीच्या कुठल्याशा शुश्रूषागृहात होत्या. खिडकीत जास्वंद, स्वच्छ चादर. आवाज बारीक झालेला. "इथं बरं आहे," त्या म्हणाल्या. "दुखत नाही. झोपते खूप. फार दिवस नाहीत बहुतेक, पण भीतीही नाही."

आमच्या अक्कांनी तिचं नीट ऐकून घेतलं. चेष्टा केली नाही. "चांगली आहेस गं," एवढंच म्हणाल्या.

उजवीकडचा पडदा उजळला. आणि ओट्याशी, आमच्याच ओट्याशी, वॉकर धरून अक्का उभ्या! वाळलेल्या, जरा वाकलेल्या, पण उभ्या.

"अगंबाई! उभी आहे की ही!"

"मग काय करू?" उजवी फिस्कारली. "दिवसभर घरात कुणी हात हलवत नाही. चहा पाहिजे तर उठायला नको?"

"ही माझी!" अक्का टाळी वाजवून म्हणाल्या. "ही शंभर टक्के मी!"

आम्ही सगळे हसलो. पण डॉक्टर हसली नाही. "आजी, ही सगळ्यात जास्त वेळा निघालेली. पण सगळ्या अशा नाहीत. काही पुन्हा पडल्या. आणि काही भुलीतून जाग्याच झाल्या नाहीत. त्या थोड्या आहेत, पण आहेत. हे मी लपवणार नाही."

"दाखव."

"काय दाखवू?"

"ती जागी न झालेली. दाखव मला."

डॉक्टरनं बोट फिरवलं. पडदा काळा झाला. ना चेहरा, ना आवाज. अक्का त्या काळ्या पडद्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं आहे. निदान ही कुरकुरत तरी नाही."

मला ते सहन होईना. मी उठून व्हरांड्यात आले आणि भिंतीकडं तोंड करून रडले. जरा वेळानं स्नेहल बोलवायला आली. "काकू, आई विचारताहेत."

आत अक्का एकट्याच होत्या. "काय सांगितलंस गं त्या यंत्राला?"

"खरं तेच सांगितलं."

"काय खरं?"

"की तुम्ही पडून राहिलात तरी चालेल. पण राहा."

अक्कांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि दिवसभर पडून राहिलेली मी तुला कशी वाटेन?"

"डोकं उठवाल माझं."

"मग?"

"मग काय? करा ऑपरेशन," मी म्हटलं. "पण परत या म्हणजे झालं."

"येते की. ते दूध उतू गेलं का, ते बघायचंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना आत नेलं. भूल दिल्यावर रक्तदाब उतरला, डॉक्टरांची धावपळ झाली, हे आम्हाला नंतर कळलं. तेवढा वेळ मी बाकावर बसून सतराचा पाढा म्हणत होते. दुसरं काही सुचतच नव्हतं. दार उघडून डॉक्टर ईश्वरी बाहेर आली, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि म्हणाली, "जाग्या झाल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरांना म्हणाल्या, तुमचे हात फार गार आहेत." अभिनंदननं मला मिठी मारली. एवढा थोराड बाप्या, लहान पोरासारखा रडला.

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. छे! खरी कसोटी पुढंच होती, आणि ती माझी होती.

अक्कांना घरी आणलं. डॉक्टरशी बोलून नियम ठरला होता. पेला हाताच्या टप्प्यात ठेवायचा, हातात द्यायचा नाही. उठायला आधार म्हणजे फक्त वॉकर. पडायला लागल्या तरच धरायचं. बोलायला सोपं आहे हो! समोर ब्याऐंशी वर्षांची बाई उठताना कण्हतेय, कपाळावर घाम, आणि आपण खुर्चीवर बसून बघायचं. मी माझे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायची. नाहीतर ते आपोआप पुढं जायचे.

शिव्याही खाव्या लागायच्या. "बसलीय बघ कशी महाराणी!" अक्का म्हणायच्या. "नियम लावलाय मला. गेल्या जन्मी सासू होतीस काय गं माझी?"

त्यात गल्ली. एकदा शेडबाळेबाई शिरा घेऊन आल्या. अक्का भिंतीच्या कडेकडेनं मोरीकडं निघाल्या होत्या. शेडबाळेबाईंनी शिऱ्याचा डबा टाकलाच जवळजवळ, आणि "अगं बाई, पडतील ना!" करत धावल्या.

"हात लावू नका!" मी ओरडले.

त्या थबकल्या. मग माझ्याकडं असं बघितलं, की काय सांगू. "काय हे कुंदाताई? आजारी माणसाचे हाल बघवतात तुम्हाला?"

"बघवत नाहीत," मी म्हटलं. "म्हणूनच तर बघतेय."

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की धाकटीनं थोरलीला आधी ढकललं आणि आता छळ मांडलाय. मला फार लागलं ते. अक्कांना मात्र मजा वाटली. "नाव निघालंय तुझं," म्हणाल्या.

पण एका दुपारी अक्का उठल्याच नाहीत. सकाळीही नीट चालल्या नव्हत्या. उशीत तोंड घालून पडून होत्या. मी म्हटलं, "अक्का, फेरी राहिली." तर उशीतूनच अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "कुंदे, कंटाळले गं. मला नाही उठायचं. चहा दे जरा करून."

शिवी असती तर परवडली असती. तो आवाज मला ओळखीचा होता. सांगलीच्या खिडकीतल्या, जास्वंदीपाशी पडलेल्या त्या डाव्या अक्कांचा आवाज. मला धडकीच भरली. आज चहा हातात दिला, की उद्या जेवण, परवा पलंगाखालचं भांडं, आणि मग पुढं काय ते आम्ही सगळ्यांनी पडद्यावर बघितलं होतं. नाही म्हटलं तर त्या आणखीच उशीत शिरणार.

मी मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेले. पातेलं घेतलं, मुद्दाम जोरात आदळलं. आणि मुद्दामच आधी दूध ओतलं. मग पाणी. मग साखरेचा डबा खणकन उघडला.

आतून आवाज आला, "दूध आधी घातलंस?"

"हो," मी म्हटलं.

"अगं पण पाण्याला आधी उकळी!"

"सगळं एकच होतं पोटात गेल्यावर."

मी पावडर घातली, ढवळलं, आणि शेवटी आलं घेतलं. "आलं शेवटी घालतेय हं," मी ओरडून सांगितलं. "सालासकट!"

"गधडे! थांब! हात लावू नकोस त्याला!"

पलंग करकरला. वॉकरचा टक् आवाज आला. मग दुसरा. मी मागं वळून बघितलं नाही, बघायची हिंमतच झाली नाही. नुसती चमच्यानं ढवळत राहिले आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. टक् टक् करत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आल्या, वॉकर उचलून आत ठेवला, आणि माझ्या शेजारी येऊन ओट्याला पोट टेकवून उभ्या राहिल्या. दम लागला होता. घाम आला होता.

"हो बाजूला," म्हणाल्या. पातेलं उचलून माझा चहा सरळ सिंकमध्ये ओतला. "आणि हे काय? या गॅसच्या शेगडीला दूध जळल्याचे डाग! म्हणजे त्या दिवशी उतू गेलं होतंच ना?"

"गेलं होतं," मी म्हटलं.

"वाटलंच मला."

त्यांनी चहा केला. आधी पाणी, मग आलं, सगळं रीतसर. दोन कप भरले. आणि मग थांबल्या. दोन्ही हात वॉकरला, कप नेणार कोण? त्यांनी कपांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"बघत काय बसलीस? घे की कप!"

"मदत करायची नाही असं ठरलंय."

"अगं, मला येतं त्याला नको म्हटलंय. येत नाही त्याला नाही!"

मी दोन्ही कप उचलले. मी पुढं, त्या मागं, टक् टक्, "सांडू नकोस, सांडू नकोस" म्हणत. अंगणातल्या बाकड्यावर आम्ही बसलो. समोरच्या खिडकीत शेडबाळेबाई होत्याच. अक्कांनी त्यांना कप उंच करून दाखवला. तेव्हापासून रोज चारला असंच चाललंय.

वर्ष झाल्यावर मिरजेहून बोलावणं आलं. जुळीनं सांगितलेलं आणि खरं झालेलं किती जुळतं, हे इस्पितळाला ताडून बघायचं होतं. डॉक्टर ईश्वरीनं अक्कांना व्हरांड्यातून चालवलं, उठवलं, बसवलं, झडपेचे ठोके ऐकले. खूश झाली. मग त्या उजव्या जुळीला पुन्हा पडद्यावर आणलं. तीच, आमच्या ओट्याशी उभी. शेजारी वॉकर. उभ्याउभ्याच कपातून चहा पीत होती.

"काय गं, कशी आहेस?" अक्कांनी विचारलं.

"बरी आहे. चालते. चहा माझा मी करते."

"मग उभ्यानं का पितेस? बाहेर बाकड्यावर बस की जाऊन."

"कप घेऊन कशी जाऊ? दोन्ही हात वॉकरला."

"कुंदाला सांग."

"तिनं सांगितलंय ना, मदत करणार नाही म्हणून," जुळी म्हणाली आणि तिनं कपातला शेवटचा घोट घेतला. मागं स्वयंपाकघर रिकामं होतं.

अक्का तिच्याकडं पुष्कळ वेळ बघत राहिल्या. अशी नजर मी त्यांची कधी बघितली नव्हती. शेवटी त्या डॉक्टरकडं वळल्या.

"डॉक्टर, हिच्याकडं एक कुंदा पाठवता येते का बघा की. बिचारी एकटीच आहे."

डॉक्टर हसली. मला काही हसू येईना. इतकी वर्षं या बाईच्या हाताखाली काढली, पण "कुंदे, तू आहेस म्हणून" असं कधी तोंडातून निघालं नव्हतं. तेही माझ्याकडं न बघता, भलतीकडंच तोंड करून! मी पदरानं डोळे पुसायला लागले.

"आता रडतेस काय?" अक्का खेकसल्या. "चार वाजत आलेत. घरी जायचंय. तो वॉकर दे इकडं."

वॉकर त्यांच्या हाताच्या टप्प्यात होता. मी दिला नाही.

"भवाने," म्हणाल्या, आणि हात लांब करून त्यांनी तो स्वतःच ओढून घेतला.